साखरेचं शेपूट

सफरचंदावरची चकाकी लाखेची निघाली, त्या दिवसापासून अण्णा गार्गीला फौजदार म्हणायला लागले.

"म्हणजे किड्याची?" त्यांनी विचारलं होतं.

"लाखेचा किडा फांदीवर राळेसारखा थर सोडतो. तो खरवडून, गाळून फळांवर लावतात. खरवडताना किडे मरतातच."

अण्णांनी हातातलं सफरचंद परडीत परत ठेवलं. "आणि मी दवाखान्यात होतो तेव्हा निम्मं जयसिंगपूर मला हेच घेऊन भेटायला येत होतं. बघ की."

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, घर जैनाचं. गार्गी त्यांची सून. ती कोल्हापूरच्या सरनोबतांची. रविवारी ज्या घरात मटण शिजत नाही त्या घरात कुणीतरी आजारी असणार, असं समजणाऱ्या माणसांत वाढलेली. सन्मतीशी तिचं लग्न ठरलं तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. अण्णा एकटे म्हणाले, "पोरगी एम.एस्सी. झालीय. आपल्यात एवढी शिकलेली कोण असेल तर सांगा, तिला आणू." लग्नानंतर त्यांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं, की माहेरी गेल्यावर तू काय खातीस ते आम्ही विचारणार नाही. ही सवलत गार्गीला नको होती. तिने मांसाहार सोडला, आणि तो सोडायचा म्हणजे नेमकं काय काय सोडायचं, हे शोधायला लागली.

शोधायचं साधन तिच्या हातातच होतं. सांगलीतल्या ज्या कंपनीत ती काम करायची, तिथे 'पारख' नावाचं यंत्र तयार होत होतं. आकाराने साबणाच्या वडीएवढं.

प्राण्याच्या अंगातलं प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची लांबलचक माळ. गाईच्या हाडातली माळ आणि डुकराच्या हाडातली माळ जवळजवळ सारखी असते. मधेच कुठेतरी एखाद-दुसरा मणी वेगळा. पूर्वी हा फरक शोधायला खोली भरेल एवढं यंत्र लागायचं. पारखमध्ये चिमूटभर नमुना एका थेंबात विरघळवायचा आणि तो थेंब पट्टीवर घेऊन पट्टी यंत्रात सरकवायची. थेंबातलं विकर, म्हणजे एन्झाइम, माळेचे तुकडे करतं. ते तुकडे एका पातळ पडद्यातल्या अतिसूक्ष्म छिद्रातून एकेक करून ओढले जातात. छिद्रातून वीज वाहत असते, आणि प्रत्येक मणी जाताना त्या प्रवाहात आपापल्या आकाराचा खड्डा पाडतो. खड्ड्यांची रांग वाचली की माळ कळते. माळ कळली की यंत्र आपल्या संग्रहात ती शोधतं आणि प्राण्याचं नाव सांगतं. चहाला उकळी येईपर्यंत उत्तर तयार. चरबीत किंवा रंगात प्रथिन फारसं नसतं, पण ते शेवटच्या कणापर्यंत गाळून काढणं कुठल्याच कारखान्याला जमत नाही. उरलेला अंश यंत्राला पुरतो.

हा संग्रह गार्गीने स्वतः जमवला होता. कुठल्या माळेला कुठलं नाव द्यायचं, ते तिच्या हातचं होतं.

मग रोज संध्याकाळी ती कामावरून आली की ती आणि अण्णा ओट्यापाशी बसायचे. गुलाबी क्रीमच्या बिस्किटांत कोचिनील नावाचे वाळवलेले किडे निघाले. सन्मतीच्या व्हिटॅमिनच्या गोळीत मेंढीच्या लोकरीतली चरबी. जेलीत गाईची हाडं. भिंत रंगवायच्या ब्रशला डुकराचे केस. सासूबाईंच्या तोंडाला लावायच्या क्रीममध्ये काय निघालं ते गार्गीने त्यांना हळू आवाजात सांगितलं, तेव्हा त्या उठून तोंड धुऊन आल्या. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याकडे अण्णा आता पोलीस संशयिताकडे बघतो तसे बघायचे.

"ठिपका कोण छापतो?" ते विचारायचे.

"कंपनी."

"आणि कंपनीला कोण विचारतो?"

"कुणीच नाही."

"मग तूच विचार, फौजदार."

रेशमाची पाळी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शालू राहू दे. माझ्या आईनं दिलाय तो." कोष उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आतला किडा जिवंत असतो, एवढंच गार्गीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी शालू कपाटातून गेलेला होता. कुठे दिला, ते सासूबाईंनी सांगितलं नाही आणि गार्गीने विचारलं नाही.

माहेरी गेली तेव्हाही यंत्र तिच्या पर्समध्ये होतं. आईने मुद्दाम वेगळ्या पातेल्यात आमटी केली होती. गार्गीने पळीभर आमटी वाटीत घेतली आणि सवयीने थेंब सोडला. कोंबडी. पातेलं धुतलेलं होतं, पण पळी तीच होती.

आई म्हणाली, "आता दारात आलीस की पायपण तपास आमचे."

गार्गीला वाईट वाटलं, पण जेवली नाही. बसमध्ये बसल्यावर तिला जाणवलं, की वाईट वाटण्याखाली कुठेतरी थोडा अभिमानही होता.

श्रावणात गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. सकाळचं प्रवचन संपलं की मंदिराच्या सभामंडपात बायका थांबायच्या, आणि अण्णांनी बोलून बोलून सुनेच्या यंत्राची एवढी ख्याती केली होती की एका रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरातल्या वस्तू आणल्या. सतरंजीवर गार्गी, समोर यंत्र, भोवती रिंगण. लग्नात ज्या तिच्याशी बोलल्या नव्हत्या, त्या आता तिला सरकून जागा करून देत होत्या. कुणी चॉकलेट आणलं होतं, कुणी पापडाचं पाकीट, कुणी नातवाची दात घासायची पेस्ट. प्रत्येक उत्तरावर मंडपात हुंकार उठायचा. गार्गी एकेक नाव मोठ्याने वाचत होती. आवाज स्वच्छ होता तिचा.

त्रिशलाकाकू अण्णांच्या चुलतभावाची बायको. सरनोबतांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आमची बिस्किटं झाली, औषधं झाली. मगदुमांच्या घरचं काही आणलं न्हाईस गं? घरच्याला माप वेगळं?"

हसू पसरलं. अण्णाही हसले. "घ्या की. आमचं लपवण्यासारखं काय आहे?" त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कॅप्सूलची पट्टी काढली आणि एक कॅप्सूल गार्गीपुढे ठेवली.

ती कॅप्सूल घरात सगळ्यांना पाठ होती. दोन वर्षांपूर्वी गाठ निघाली म्हणून अण्णांचं स्वादुपिंड जवळजवळ सगळं काढलं होतं. अन्नातली चरबी फोडणारं विकर त्यांच्या अंगात आता तयार होत नव्हतं, म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर ते बाहेरून घ्यावं लागायचं. पूर्वी असल्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनायच्या. डॉक्टरांनी अण्णांना तेव्हाच सांगितलं होतं, की आता ते विकर टाकीत, यीस्टमध्ये वाढवतात, वरचं कवचही वनस्पतीचं असतं. काळजी करू नका.

गार्गीने कॅप्सूल उघडली. चिमूटभर पूड, थेंब, पट्टी.  पडद्यावर अक्षरं आली.

डुक्कर. स्वादुपिंड.

त्याच क्षणी तिच्या मनात दुसरी गोष्ट आली. अर्धवट आली नाही, शंका म्हणून आली नाही. पूर्ण वाक्यात आली. यीस्टला विकर बनवायला शिकवलं तेव्हा त्याच्या पोटात डुकराचंच जनुक घातलं होतं. म्हणून यीस्टने बनवलेली माळ आणि डुकराने बनवलेली माळ मण्यामण्याने एकच असणार, आणि पारख फक्त मणी वाचतं. ती माळ कुणी ओवली, हे त्याला कळत नाही. ते कळायची एक जागा आहे: पेशी माळ ओवून झाली की तिच्या टोकांना साखरेची छोटी शेपटं जोडते, आणि यीस्टची शेपटं वेगळी, डुकराची वेगळी. ती वाचायची दुसरी पट्टी गार्गीच्या पर्समध्ये होती. उत्तर यायला वेळ लागला असता, दीड-दोन तास. तेवढंच तोंडाने म्हणायचं होतं: याला आणखी एक चाचणी लागेल.

सगळे तिच्याकडे बघत होते. त्रिशलाकाकूंच्या ओठांवर हसू तयार होतं. आता ती थांबली असती, तर ते हसू फुटलं असतं.

"डुक्कर," गार्गीने वाचलं. "स्वादुपिंड."

कुणी हुंकार भरला नाही. अण्णांनी कॅप्सूलची पट्टी हातात घेतली, तिच्यावरचा हिरवा ठिपका एकदा बघितला, आणि ती मोडून मुठीत धरली. मग ते उठले. मंडपाच्या टोकाला पाटावर महाराज बसले होते, तिथे गेले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, नियम द्या. या औषधाचा आजन्म त्याग."

 महाराज म्हणाले, "औषधाला सूट ठेवता येते. घरी जाऊन विचार करा."

"सूट नको."

अशा घरांत नियम म्हणजे काय, हे गार्गीला वर्षभरात कळलं होतं. बटाटा सोडला, सूर्यास्तानंतरचं पाणी सोडलं, की ते सुटलं. मागून कुणी आठवण करून देत नाही, कारण मोडायचा प्रश्नच येत नाही. चारचौघांत, महाराजांसमोर घेतलेला तर मरेपर्यंत. तिने ओरडून थांबवायला पाहिजे होतं. ती यंत्राची पट्टी पुसत बसली.

घरी आल्याआल्या तिने साखरेची चाचणी लावली. दुपारच्या जेवणाआधी उत्तर आलं. यीस्ट. एकही शेपूट डुकराचं नव्हतं.

ती तशीच पडवीत गेली. "अण्णा, यंत्राची मर्यादा आहे. कॅप्सूल यीस्टचीच आहे. मी आत्ता बघितलं."

अण्णा जेवायला बसत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकलं, मधे एकही प्रश्न न विचारता. वर्गात उत्तर चुकणाऱ्या मुलाचं ऐकावं तसं. मग म्हणाले, "पोरी, तुझी माया कळते मला."

"माया नाही, अण्णा, चाचणी आहे."

"सकाळी मंडपात वेगळी होती, आणि मी नियम घेतल्यावर दुसरी झाली?"

"सकाळी मी अर्धीच केली होती."

"सफरचंदाची अर्धी केलतीस? बिस्किटांची?" ते प्रेमानेच हसले. "तूच म्हणालीस, यंत्र माणसाचं तोंड बघून बोलत न्हाई. माणूस बोलतंय. वाढ गं," ते सासूबाईंना म्हणाले.

सन्मतीने डॉक्टरांना फोन लावून दिला. अण्णांनी ऐकून घेतलं, आभार मानले, फोन खाली ठेवला. "त्यांचं कामच आहे मला जगवायचं. ते दुसरं काय सांगतील?" औषध कंपनीचं प्रमाणपत्र आणून दाखवलं. "ठिपका छापणारेच की हे." सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांना गार्गीनेच शिकवलं होतं, आणि ते चांगले विद्यार्थी निघाले.

दोन आठवड्यांत अण्णांचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला. जेवायचे पोटभर, पण अंगी काही लागत नव्हतं. सासूबाईंनी आधी तूप बंद केलं, मग शेंगदाण्याचं कूट, मग फोडणी. नुसत्या मऊ भातानेही त्यांच्या पोटात कळ यायची, आणि ते भिंतीला धरून मोरीकडे जायचे. परत आल्यावर विनोद करायचे. "इथं पूर्वी पठार होतं," ते पोटावर हात फिरवत सांगायचे, "आता दरी झालीय. भूगोल बदलतो."

सासूबाई हसायच्या नाहीत. गार्गीशी त्या कामापुरतं बोलत: दूध आलंय, कुकर लाव, दार ओढून घे. रागावल्या असत्या तर गार्गीला उत्तर देता आलं असतं.

सन्मती इचलकरंजीच्या सूतगिरणीत इंजिनिअर होता. यंत्रांबद्दलचं बोलणं त्याला नीट कळायचं. एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना त्याने विचारलं, "तू मला एक सांग. तुला मंडपात तेव्हा काहीच शंका आली नव्हती?"

हातातल्या चादरीची घडी गार्गीने पूर्ण केली.

"नाही," ती म्हणाली.

"मग तुझी चूक न्हाई. यंत्राची आहे," सन्मती म्हणाला, आणि तिच्या हातातली चादर घेतली.

यंत्राची चूक तरी दुरुस्त व्हावी म्हणून तिने ऑफिसात नायकवडी सरांना सांगितलं, की नुसतं प्राण्याचं नाव दाखवणं बरोबर नाही. 'या प्राण्याच्या माळेशी जुळतं. कुणी बनवलं ते सांगता येत नाही' असं लिहायला पाहिजे. नायकवडी सर म्हणाले, "सांगता येत नाही हे दुकानदारही सांगतो. त्यासाठी लोक यंत्र कशाला घेतील? आणि पडद्यावर एकच नाव दाखवायचं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये तू होतीस की." ती होती. पडदा छोटा आहे, एकच शब्द शोभतो, असं म्हणालीही होती.

भाद्रपदात दशलक्षण पर्व, दहा दिवसांच्या उपवासांचं, लागलं. अण्णांनी हट्टाने पहिला उपवास केला, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यात कोसळले. सांगलीच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टरांनी सन्मतीला आणि गार्गीला बाहेर नेऊन सांगितलं, "शिरेतून किती दिवस जगवणार? त्यांना कॅप्सूल सुरू करा. नाहीतर दिवाळीपर्यंत ते उठून बसायच्या स्थितीत राहणार नाहीत." खोलीत परत आल्यावर सन्मती बापाशी भांडला. शिरा ताणून भांडला. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही सगळे मिळून मला एकच खोटं सांगायलाय. माझ्यावरच्या प्रेमापोटी. राग न्हाई मला. पण खोट्यावर नियम मोडता येत न्हाई."

गार्गी खिडकीपाशी उभी होती. तिला त्या वाक्यातला हिशेब एकदम स्पष्ट दिसला. अण्णांचा चाचणीवर अविश्वास नव्हताच. त्यांना सांगणाऱ्याच्या हेतूवर संशय होता. गार्गी त्यांना वाचवण्यासाठी जे जे सांगेल ते ते त्यांना प्रेमाने रचलेलं वाटणार. जी गोष्ट प्रेमाने कुणी रचणार नाही, जी सांगून सांगणाऱ्याची फक्त नाचक्कीच होईल, अशी गोष्ट सांगितली तरच ते विश्वास ठेवतील. आणि अशी एक गोष्ट तिच्याकडे होती. आत्ता, या खोलीत, दोनच माणसांसमोर ती सांगता आली असती.

तिने अण्णांच्या उशाचा तांब्या भरून ठेवला, आणि घरी आली.

पर्व संपल्यावर दुसऱ्या दिवशी क्षमावाणी असते. सगळा समाज मंदिरात जमतो. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल तर एकमेकांसमोर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, समोरच्यानेही तेच म्हणायचं. गार्गीने गेल्या वर्षी हे पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तिला फार आवडलं होतं. शंभर-दीडशे माणसं, दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्यात तशी, हसत हसत क्षमा मागत फिरत होती.

अण्णांना खुर्चीत बसवून आणलं होतं. दवाखान्यातून आल्यापासून ते अगदीच लहान दिसत होते. लोक येत, वाकून हात जोडत. अण्णाही जोडत.

गार्गी त्यांच्यासमोर आली आणि उभीच राहिली.

"अण्णा, मला अजाणता म्हणता येत नाही."

"काय म्हणतीस?"

"त्या दिवशी कॅप्सूल तपासली, तेव्हा पडद्यावर डुक्कर आलं. यीस्टने बनवलेलं असलं तरी यंत्र डुक्करच म्हणणार, हे मला तेव्हाच माहीत होतं. नंतर नाही कळलं. तिथंच, वाचायच्या आधी कळलं होतं. दुसरी पट्टी माझ्या पर्समध्ये होती. दोन तास थांबा, एवढंच म्हणायचं होतं."

 सन्मती दाराशी होता, तो वळला.

"मग म्हणाली का न्हाईस?" अण्णांनी विचारलं.

"काकूंनी विचारलं होतं, घरच्याला माप वेगळं का म्हणून. मी थांबले असते तर सगळ्यांना वाटलं असतं, लपवतेय. पहिल्यांदाच सगळ्यांनी मला आपल्यात बसवलं होतं. मला ते सोडवेना." तिचा आवाज त्या दिवशीसारखा स्वच्छ नव्हता. "तुम्ही नियम घ्यायला उठलात तेव्हाही मी गप्प बसले. सन्मतीने विचारलं, तेव्हा शंका आली नव्हती म्हणून सांगितलं. ते खोटं होतं."

अण्णा तिच्याकडे बघत होते. हसत नव्हते. प्रेमानेही बघत नव्हते. सून घरात आल्यापासून त्यांनी तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. नकाशात नदी चुकीच्या बाजूला वाहताना दिसावी तसं.

"हे दवाखान्यात का न्हाई सांगितलंस?"

"लाज वाटत होती."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

त्रिशलाकाकू पुढे झाल्या. "म्हणजे माझी बिस्किटं? डबाभर टाकून दिली की मी."

"बिस्किटांतले किडे खरेच होते, काकू. कोचिनील अजून किड्यांपासूनच काढतात. पण जिथं जिथं यीस्टमध्ये बनवायची सोय झालीय, तिथं माझं उत्तर धरू नका. कुठं झालीय आणि कुठं नाही, ते सगळं मलाही माहीत नाही."

"मग एवढ्या ठसक्यात वाचत होतीस ते?"

 कुणीतरी मागून म्हणालं, "वाचायला काय, सरनोबतांची आहे, आवाज दांडगाच." दोघी-तिघी हसल्या. ते हसू तिने उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

अण्णांनी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकले. त्यांना उठवत नव्हतं. त्यांनी बसूनच महाराजांच्या दिशेने हात जोडले. "महाराज, मी नियम घेतला तो डुकराच्या जिवाचं म्हणून. ते तसं न्हाई, असं ही म्हणते."

"तुमचा विश्वास बसला?" महाराजांनी विचारलं.

"आज बसला," अण्णा म्हणाले. "स्वतःला वाचवायला माणूस खोटं बोलेल, दुसऱ्याला वाचवायलाही बोलेल. पण असलं कुणी कशाला रचेल?" मग गार्गीकडे वळून, शिक्षकाच्या आवाजात, "आता हे सांग. त्यात पहिल्यांदा तरी एक डुक्कर होतं का?"

होतं म्हटलं तर ते पुन्हा मागे सरतील, हे तिला दिसत होतं.

"होतं," ती म्हणाली. "कित्येक वर्षांपूर्वी एका डुकराच्या पेशीतून ती माळ कशी ओवायची ते वाचून घेतलं. तेवढं एकदाच. आता ते पुस्तकात छापल्यासारखं आहे. लागेल तेव्हा यंत्रावर लिहितात आणि यीस्टला देतात. पण ते एक होतं."

अण्णांनी पुन्हा हात जोडले. 

"त्या एकाची क्षमा मागून घेईन," ते म्हणाले.

महाराजांनी मान हलवली. "नियम हिंसेच्या त्यागाचा होता, औषधाचा नाही. घ्या औषध."

त्या दुपारी अण्णांनी पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल गिळली. सन्मती समोर बसला होता. गार्गीने वाढलं, तेव्हा त्याने ताट पुढे केलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. अण्णांनी भात मागून घेतला. मधेच म्हणाले, "गार्गी, मीठ." ते नावाने म्हणाले. जेवण झाल्यावर ते भिंतीला धरून पलंगापर्यंत गेले, आणि त्या दिवशी मोरीकडे जावं लागलं नाही.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. सासूबाई ओटा पुसत होत्या. गार्गी त्यांच्यासमोर गेली आणि हात जोडले.

"आई, उत्तम क्षमा."

सासूबाईंनी फडकं पिळलं, दांडीवर टाकलं, त्याची टोकं सारखी केली.

"मंदिरात सकाळी शंभर जणींना म्हणून आले मी," त्या म्हणाल्या. "त्रिशलालापण म्हणाले. तुला आत्ता म्हटलं, तर ते त्यातलंच एक होईल." त्यांनी हात पदराला पुसले. "महिनाभर मी हे मरतात की जगतात बघत होते. तू शेजारी बसून भाजी निवडत होतीस. तुला माहीत होतं."

"हो."

"मग थांब आता थोडी. मला मनापासून म्हणता येईल तेव्हा म्हणेन. खोटं म्हणणार न्हाई."

"बरं," गार्गी म्हणाली, आणि उष्टी ताटं उचलायला बाहेर गेली.